पाठीवरचा चीक

जगात काही पदार्थ असे आहेत की, त्यांचे काम संपले तरी ते जागा सोडीत नाहीत. नव्या पुस्तकावरील किमतीची चिठ्ठी ओढून काढावी, तर तिच्या आकाराचा एक चिकट चौकोन मागे उरतो आणि वर्षभर धूळ गोळा करीत राहतो. औषधाच्या रिकाम्या बाटलीवरील कागद भिजवून सोडवला, तरी बोटांना डिंक लागतोच. लग्नाच्या मांडवासाठी भिंतीवर लावलेल्या पताका उतरतात, पण पताका कोठे होत्या हे ती भिंत पुढील दिवाळीपर्यंत सांगत असते. ज्याला आपण कामापुरते बोलावले, तो घरात बिऱ्हाड करून बसावा, असा हा प्रकार आहे. अशाच एका चिवट पाहुण्याविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत. हा पाहुणा आला तो आमच्या घरच्या वस्तऱ्याच्या पाठीवर.

वस्तरा आज कितीजणांनी पाहिला असेल, याची मला शंकाच आहे. केशकर्तनालयात हल्ली जो दिसतो तो वस्तऱ्याचा नुसता सांगाडा. त्यात दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा बसवतात आणि गिऱ्हाईक उठले की तो फेकून देतात. रक्तावाटे पसरणाऱ्या रोगांचे भान आल्यावर ही पद्धत रूढ झाली आणि ती योग्यच आहे. परंतु खरा वस्तरा म्हणजे एकसंध पोलादाचे पाते आणि त्याला मिटून घेणारी शिंगाची किंवा सेल्युलॉइडची मूठ. इंग्लंडातील शेफील्ड आणि जर्मनीतील सोलिंगेन ही दोन गावे या पात्यांसाठी जगभर नावाजली. अमेरिकेतील किंग कॅम्प जिलेट यांनी १९०४ साली आपल्या बदलत्या पात्याच्या यंत्राचे पेटंट मिळवले, आणि तेव्हापासून हळूहळू वस्तऱ्याला उतरती कळा लागली.

आमच्या घराण्याचा परंपरागत व्यवसाय नाभिकाचा. कणकुंबी आणि आसपासच्या वाड्यांतून आजोबा धोकटी घेऊन फिरत. आमचे गाव सह्याद्रीच्या अगदी पाठीवर वसले आहे. येथील रामेश्वराच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन कूडलसंगमास कृष्णेला मिळते. उलट पश्चिमेच्या उतारावर पडलेले पाणी म्हादईवाटे गोव्याकडे धावते. त्या धारेवरच्या गावात धारेचा धंदा करणारा माणूस, असे आजोबांचे वर्णन केले तर फारसे चुकणार नाही. सुगीच्या दिवसांत बलुत्याचे भात घरी यावयाचे आणि त्या भातावर वर्षाची क्षौरे चालावयाची. हे राज्य आधी मुंबईचे होते, १९५६ साली ते म्हैसूरचे झाले, आणि १९७३ साली त्याचे नाव कर्नाटक पडले. परंतु क्षौर हा शब्द मराठीतही तोच आणि कानडीतही तोच. त्यामुळे आजोबांच्या धंद्याला भाषावार प्रांतरचनेचा काही उपद्रव झाला नाही.

त्यांच्या धोकटीत सात वस्तरे होते. आज त्यांपैकी एकच कामास येण्याजोगा उरला आहे. बाकीच्यांची पाती इतकी झिजली आहेत की, मिटलेल्या मुठीत ती असून नसल्यासारखी. हा जो एक उरला, त्याच्यावर सोलिंगेनचा शिक्का आहे. गोव्याकडून चोर्ल्याच्या वाटेने तो घरात आला, असे आजोबा सांगत. आमच्या कुटुंबात गेल्या तीन पिढ्यांत जे मूल जन्मले, त्याचे जावळ याच वस्तऱ्याने उतरवले आहे. माझे, माझ्या भावाचे, आमच्या मुलांचे. म्हणून हे पाते जितकी वर्षे टिकेल तितकी टिकवावे, हा माझ्या मनाचा हट्ट आहे.

आता वस्तऱ्याला धार कशी लावतात, हे सांगितल्यावाचून पुढचा मुद्दा उलगडणार नाही. सुरी पाजवताना तिचा कोन हाताच्या अंदाजाने धरावा लागतो. वस्तऱ्याला तसा अंदाज लागत नाही. त्याची पाठ जाड आणि पोट खोलगट असते. पाते निसण्यावर आडवे ठेवले की, पाठ आणि धार अशा दोनच कडा दगडाला टेकतात आणि त्या दोहोंमुळे कोन आपोआप ठरतो. विद्यार्थ्यांनी हवे तर गणित करून पाहावे. पाठीची जाडी साडेचार मिलिमीटर आणि पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी सोळा मिलिमीटर असेल, तर दोन्ही बाजू मिळून धारेचा कोन सुमारे १६ अंशांचा येतो. ज्याने वस्तऱ्याची ही घडण प्रथम योजली, त्याने कोनमापक पोलादाच्या आतच लपवून ठेवला, असे म्हणावे लागते.

या घडणीत आणखी एक खुबी आहे. दगडावर धार झिजते त्याबरोबर पाठही झिजते. रुंदी घटली की जाडीही घटते, आणि त्यामुळे कोन जवळजवळ कायम राहतो. आजोबा वस्तऱ्याच्या पाठीला कशाचेही आवरण लावीत नसत. पाठ झिजल्यावाचून धार येत नाही, असे त्यांचे मत होते. आणि ते केवळ पोलादाविषयी बोलत होते असे मला वाटत नाही, कारण त्यांची स्वतःची पाठ साठीच्या आतच वाकली होती.

परंतु ज्याचे पाते रोज कामास येते आणि झिजले की नवे घेता येते, त्याचा हा नियम आहे. ज्याच्यापाशी एकच पाते उरले आहे, त्याला काटकसर करावी लागते. म्हणून हल्ली जुने वस्तरे सांभाळणारे लोक पाजवण्यापूर्वी पाठीवर चिकटपट्टी लावतात. वायरमन तारांच्या जोडावर जी काळी पट्टी गुंडाळतात, तीच ही. ती ताणली जाते, पाठीच्या गोलाईवर घट्ट बसते आणि पाण्याने सुटत नाही. दगडाची घासणी पट्टी सोसते आणि पाठीचे पोलाद वाचते. पाठीवर सोनेरी मुलामा किंवा नक्षी असेल, तर तिचेही रक्षण होते. पट्टीची जाडी मिलिमीटरचा सहावा-सातवा हिस्सा; पण ती दोन्ही अंगांना असल्याने मघाचा १६ अंशांचा कोन सुमारे १७ अंशांवर जातो. एका अंशाने दाढीस बाध येत नाही. मात्र एकदा पट्टी लावून पाजवलेला वस्तरा पुढच्या वेळीही पट्टी लावूनच पाजवावा लागतो. नाही तर धार दगडाला टेकतच नाही. घासून पट्टी विरली, तर मध्येच बदलावीही लागते.

या चिकटपट्ट्यांचा इतिहासही मनोरंजक आहे. अमेरिकेतील रिचर्ड ड्रू या तरुणाने मोटारी रंगवणाऱ्यांची अडचण पाहून १९२५ साली कागदी चिकटपट्टी तयार केली. दोन रंगांमधील रेघ सरळ यावी आणि पट्टी काढताना खालचा रंग निघू नये, एवढीच त्यांची गरज होती. १९३० साली त्याच ड्रूने पारदर्शक पट्टी बाजारात आणली, आणि फाटलेल्या नकाशांचे व पुस्तकांचे भाग्य उजळले. विजेच्या तारांसाठी व्हिनाइलची पट्टी १९४६ च्या सुमारास निघाली. म्हणजे मुळात ही वस्तू जन्माला आली ती काम झाल्यावर निमूटपणे निघून जाण्यासाठीच. पण व्हिनाइलच्या पट्टीला मऊपणा यावा म्हणून तिच्यात एक तेलकट द्रव्य मिसळलेले असते. पट्टी जुनी झाली किंवा उन्हात राहिली म्हणजे ते द्रव्य पाझरून डिंकात उतरते आणि डिंक पातळ होतो. मग पट्टी ओढली की काळा कागद हातात येतो आणि डिंक पोलादावरच ठाण मांडून बसतो.

कोणी म्हणेल, बसला तर बसू द्या. धार पुढे आणि डिंक मागे, त्यात बिघडले काय? बिघडते ते असे. दगडावर पाजवताना पाण्यात दगडाचे आणि पोलादाचे बारीक कण मिसळून एक राखाडी राळा तयार होतो. पाठीवरच्या डिंकाला हे कण चिकटतात. पाजवल्यानंतर वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवावयाचा असतो, तोही पाठ पुढे आणि धार मागे ठेवून. पुढे जाणारी पाठ जर चिकट असेल, तर ती आपल्या अंगावरचे कण चामड्यावर पेरीत जाते, आणि मागून येणारी धार त्याच कणांवरून ओढली जाते. तासभर दगडावर जे कमावले, ते चामड्यावरच्या चार फेऱ्यांत गमावले, असा हा हिशेब होतो. शिवाय चिकट झालेला पट्टा पुन्हा गुळगुळीत करणे हे वस्तरा पाजवण्यापेक्षाही कठीण काम आहे. म्हणून पाठ स्वच्छ झाल्यावाचून वस्तऱ्याला चामडे दाखवू नये.

गेल्या पावसाळ्यात पुतण्याच्या मुलीचे जावळ करावयाचे ठरले. पुतण्याचे बेळगावात केशकर्तनालय आहे. त्याने मला सरळ विचारले, "काका, दुकानात नवी कोरी पाती पडली आहेत. या जुन्या लोखंडाचा सोस कशाला?" त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. तान्ह्या मुलीच्या टाळूवर जे पाते फिरवावयाचे, त्याच्याविषयी भावनेपेक्षा स्वच्छतेचा विचार आधी व्हावा, यात वाद नव्हता. मी त्याला म्हणालो, "तुझी परीक्षा घे. पाते तुझ्या पसंतीस उतरले नाही, तर तुझेच नवे पाते वापर." तो कबूल झाला. तेव्हा वस्तरा पाजवून परीक्षेस बसवण्याची जबाबदारी माझ्यावर आली, आणि परीक्षक म्हणजे रोज तीस-चाळीस दाढ्या करणारा माणूस.

पाजवणे यथासांग पार पडले. पट्टी काढली, आणि पाठीवर अपेक्षेप्रमाणे काळसर चीक दिसू लागला. आता कणकुंबीचा पावसाळा ज्यांना ठाऊक नाही, त्यांना माझी अडचण कळावयाची नाही. येथे आषाढात कपडे चुलीवर वाळवावे लागतात, मीठ बरणीतच पाझरते आणि पुस्तकांना बुरशी येते. वस्तऱ्याचे पोलाद हे न गंजणाऱ्या जातीचे नव्हे. पाण्याचा थेंब त्यावर राहिला, तर सकाळचा थेंब संध्याकाळी तांबूस डाग होतो. म्हणून गरम पाणी आणि साबण हा पहिला उपाय येथे बाद. पाणी डिंकाला काही करीत नाही. पोलादाला मात्र हवे ते करते. सुरीच्या टोकाने खरवडणे हा दुसरा उपाय उतावळ्यांचा. त्याने पाठीवर ओरखडे उठतात आणि हात निसटला तर धार तरी जाते किंवा बोट तरी जाते. अ‍ॅसिटोनने, म्हणजे नखांचा रंग काढण्याच्या द्रवाने, डिंक क्षणात विरतो हे खरे. पण मूठ सेल्युलॉइडची असेल तर तीही विरू लागते. पेट्रोल, रॉकेल, थिनर यांचीही मात्रा चालते. परंतु ज्या घरात चूल पेटलेली आहे, तेथे या मंडळींना आवतण देणे शहाणपणाचे नव्हे.

यावर उपाय मला ठाऊक होता, आणि तो मी कोणत्याही ग्रंथातून घेतला नव्हता. तो आमच्या आजीच्या विळीपाशी शिकलो होतो. घाटमाथ्यावर आणि खाली गोव्यात उन्हाळा म्हणजे फणसाचा काळ. कापा असो की बरका, फणस कापावयाचा म्हणजे चिकाशी गाठ आलीच. तो चीक बोटांना लागला की बोटे एकमेकांना सोडीत नाहीत, आणि पाणी ओतावे तसा तो अधिकच दाट होतो. म्हणून फणस समोर घेतला की आजी आधी खोबरेल तेलाची वाटी मागवी. विळीच्या पात्याला तेल, तळव्यांना तेल, आणि मग फणसाला हात. काम झाल्यावर पात्यावर जो चीक राही, तोही ती तेलाच्या बोटानेच काढी. चीक तेलाला भितो, असे ती म्हणे.

आजी शाळेत गेली नव्हती; परंतु तिच्या या वाक्यात रसायनशास्त्राचा एक धडाच सामावला होता. पदार्थ आपल्यासारख्याच पदार्थात विरघळतो, हा त्या शास्त्रातील एक साधा नियम. मीठ आणि साखर पाण्याच्या गोत्रातील, म्हणून ती पाण्यात विरतात. राळ, मेण, रबर ही तेलाच्या गोत्रातील; ती पाण्याला दाद देत नाहीत, पण तेलाला शरण जातात. फणसाच्या चिकात राळेसारखे आणि रबरासारखे द्रव्य असते. आणि चिकटपट्टीचा डिंक? तोही बहुधा रबर आणि राळ यांच्याच मिश्रणाचा असतो. आणि रबर म्हणजे तरी मुळात ब्राझीलकडील एका झाडाचा चीकच. म्हणजे अमेरिकेच्या कारखान्यातील डिंक आणि आमच्या परसातील फणस हे नात्याने दूरचे का होईना, भाऊबंदच! एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडावे, यात नवल ते काय?

कृती अगदी साधी आहे, पण ती क्रमाने व्हावी. पाजवणे संपताच पट्टी काढावी. रात्रभर ठेवू नये, कारण जितका मुक्काम अधिक तितका चीक अधिक. पट्टीचाच एक ताजा तुकडा घेऊन त्याची चिकट बाजू पाठीवर टेकवून उचलावी; बराचसा डिंक आपल्या जातभाईबरोबर निघून जातो. उरलेल्यावर तेलाचे बोट फिरवून दहा मिनिटे स्वस्थ बसावे. हे स्वस्थ बसणे सर्वांत कठीण, पण काम तेवढ्यात तेलच करते. नंतर मऊ सुती फडक्याची घडी पाठीवर घालून, धार बाहेरच्या बाजूला ठेवून, मुठीकडून टोकाकडे एकाच दिशेने ओढावी. धारेच्या रोखाने कधीही पुसू नये. मग दुसऱ्या फडक्यावर स्पिरिट घेऊन तेलाचा अंश पुसून काढावा. स्पिरिट पाण्याप्रमाणे मागे रेंगाळत नाही, उडून जाते, आणि पाते कोरडे होते. वस्तरा पेटीत ठेवावयाचा असेल, तर शेवटी शिलाईयंत्राच्या तेलाचा पुसट हात द्यावा. येथे खोबरेल नको. ते दिवसांनी खवट होते आणि थंडीत गोठते. लहान मुलांनी मात्र हे सारे पाहावे, करू नये. पाजवलेल्या वस्तऱ्याची जखम प्रथम दिसते आणि मागाहून दुखते.

पाठ स्वच्छ झाली. बोट फिरवले तर कोठे अडेना. मग चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा पन्नास वेळा फिरवला आणि पुतण्याच्या हाती दिला. त्याने तो दिव्याजवळ नेऊन पाहिला, मनगटावरची लव उतरवून पाहिली, आणि पाठीवरून अंगठा दोनदा ओढला. काही बोलला नाही. फक्त स्पिरिटची बाटली मागवून त्याने पाते आपल्या हाताने पुन्हा एकदा पुसले, आणि मुलीला मांडीवर घेतले. ती पोरगी झोपेतच जावळातून मोकळी झाली.

एवढ्यावर हा निबंध संपवला असता. परंतु त्या दिवशी चीक काढीत असताना दुसऱ्या एका चिकाचा विचार माझ्या मनात आला, आणि तो विद्यार्थ्यांपुढे मांडल्यावाचून राहवत नाही.

मी शाळेत होतो तेव्हा वर्गातील काही मुले मला नावाने हाक न मारता 'धोकटी' म्हणत. त्यांच्या मनात फार दुष्टावा होता असे नाही. त्यांच्या घरी मोठी माणसे आमच्या घरचा उल्लेख जसा करीत, तसाच ती करीत. बलुत्याची पद्धत पुढे गेली. भाताऐवजी पैसा आला, धोकटीऐवजी दुकान आले, आरशांपुढे फिरत्या खुर्च्या आल्या. पण नुकतेच एका समारंभात एका सुशिक्षित गृहस्थांनी कोणाच्या तरी फजितीचे वर्णन करताना आमच्या धंद्याच्या नावाचा शिवीसारखा उपयोग केला, आणि मंडळी हसली. पट्टी निघून गेली, चीक राहिला, तो हा असा. आणि या चिकालाही कण चिकटतात. आणि मागून येणाऱ्या पिढीची धार त्या कणांवरून ओढली जाते.

ज्या धंद्याचे नाव घेऊन लोक हसतात, त्या धंद्याने काय केले आहे, हे तरी ठाऊक असावे. संत सेना हे नाभिकच. आरसा, चिमटा अशा आपल्या धंद्याच्या साधनांतूनच त्यांनी विवेक आणि वैराग्य समजावून सांगितले. त्यांचे नाव पंढरीच्या वाटेवर तर घेतले जातेच. शिखांच्या गुरुग्रंथसाहेबातही सेना भगतांच्या नावाचे एक पद आहे. आणि १८९० सालची ती गोष्ट तर प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी. त्या काळी पती निवर्तला की विधवेचे केस उतरवण्याची क्रूर रूढी होती, आणि ते काम नाभिकाच्या हातून करवून घेतले जाई. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिक मंडळींची सभा भरली, आणि यापुढे आपण विधवांचे केशवपन करणार नाही, असा निश्चय त्यांनी केला. हेच ते लोखंडे, ज्यांच्या खटपटीने गिरणीकामगारांना त्याच साली रविवारची सुट्टी मिळाली. शास्त्री-पंडितांत ज्या रूढीवर वाद चालले होते, त्या रूढीचे हत्यारच या साध्या माणसांनी मिटून ठेवले. मिळकत बुडेल, गावकीचा रोष ओढवेल, हे का त्यांना कळत नव्हते? वस्तरा कोठे चालवावा हे ज्याला कळते तो कारागीर. कोठे चालवू नये हे ज्याला कळते, त्याला काय म्हणावे? त्याच्यासाठी आपल्या भाषेत शिवी खचितच नसावी.

हा चीक कशाने जावा, याचाही मी पुष्कळ विचार केला आहे. खरवडून तो जात नाही. रागाने खरवडले की ओरखडे उठतात आणि चीक आणखी पसरतो. मी तरुणपणी भांडणारे लोक पाहिले आहेत, आणि त्यांचे ओरखडेही पाहिले आहेत. वरवरच्या पाण्यानेही तो जात नाही. भाषणात समतेचा घोष करून घरी जुन्याच नावाने हाक मारणारे लोक म्हणजे चिकावर पाणी ओतणारे. आतला गंज तेवढा वाढतो. सारखा पदार्थ सारख्यात विरतो, हाच नियम येथेही खरा असावा. माणसाविषयीचा हा चीक माणसाच्या सहवासातच विरतो. एका बाकावर बसणे, एकमेकांच्या घरी जाणे, एकमेकांचे काम जवळून पाहणे, हे ते तेल. ते लावल्यावर थोडा वेळही द्यावा लागतो. शाळा हे त्यासाठी सर्वांत चांगले ठिकाण आहे, कारण तेथे दहा वर्षे एकत्र बसावे लागते. ज्या मुलाने मला धोकटी म्हणण्याची सुरुवात केली होती, तोच पुढे माझ्याबरोबर रोज पावसात चालत शाळेत येऊ लागला. एका छत्रीखाली दोन वर्षे काढल्यावर ते नाव कधी गेले, हे आम्हा दोघांनाही कळले नाही.

मात्र एका गोष्टीबद्दल गैरसमज होऊ नये. पट्टी वाईट नव्हती. झिजणाऱ्या पोलादाचे रक्षण करण्यासाठीच ती लावली होती, आणि पुन्हा पाजवण्याची वेळ आली की ती मी पुन्हा लावणारच आहे. समाजातील पुष्कळशा चालीरीतीही एके काळी कशाच्या तरी रक्षणासाठी लावलेल्या असतील. त्या काढताना कोणाचा अपमान करण्याचे कारण नाही. पण काढावयाच्या त्या वेळेवर काढाव्यात, आणि काढल्यावर पाठीवरून एकदा बोट फिरवून पाहावे. नुसते डोळ्यांनी पाहून भागत नाही. स्वच्छ दिसणाऱ्या पोलादावरही चीक असतो आणि तो बोटालाच कळतो.

पुतण्याने परत जाताना दोन प्रश्न विचारले. निसणा किती वेळ भिजवावा, आणि पट्टी पाठीवर लावताना ती ताणावी की सैल ठेवावी? निसणा बुडबुडे थांबेपर्यंत भिजवावा आणि पट्टी जेमतेम ताणावी, असे मी सांगितले. त्याने ते दुकानाच्या हिशेबाच्या वहीत टिपून घेतले, आणि उरलेल्या सहा वस्तऱ्यांपैकी एखादा पुन्हा कामास येईल काय हे पाहण्यासाठी धोकटी आपल्याबरोबर बेळगावास नेली.